सहाशे अकरा कच्चे निबंध आणि टाचणीकाका

आमच्या परिषदेची मी सहचिटणीस. चिटणीस जे करत नाहीत ते सहचिटणिसाने करायचं असतं, आणि आमचे चिटणीस उंटावरून शेळ्या हाकण्यापलीकडे काही करत नसल्यामुळे मला कामाची कधी ददात पडलेली नाही. परिषद वस्त्यांचा अभ्यास करणाऱ्यांची. माणसं कुठून उठून कुठे राहायला जातात, गल्ल्या वाकड्या का होतात, किती घरांमागे एक शिंपी पुरतो, अशा प्रश्नांना आयुष्य वाहिलेली विद्वान मंडळी वर्षातून एकदा जमतात, आळीपाळीने एकमेकांना झोपवतात आणि घरी जातात. जमण्याआधी प्रत्येकाने आपला निबंध पाठवायचा. हा निबंध कच्चा. बाहेर ज्याला वर्किंग पेपर म्हणतात तो. परिषदेतले तीन जाणकार तो वाचून आपापला शेरा लिहितात, शेरे लेखकाकडे जातात, आणि लेखक सुधारला तर निबंध सुधारतो.

या कच्च्या मालाचे राखणदार म्हणजे आमचे टाचणीकाका. शिक्षण शाळेपुरतं, वर टायपिंगची परीक्षा. पंचविसाव्या वर्षी सहा महिन्यांच्या बदलीवर आले आणि पस्तीस वर्षं निघालेच नाहीत. काकू घरी शिवणकाम करतात. त्यांच्या डबीतल्या टाचण्या काकांच्या शर्टाच्या खिशावर ओळीने खोचलेल्या असतात, कारण स्टेपलरने कागद जखमी होतो असं त्यांचं मत आहे. बाबांना मिठी मारायची तर आधी नोटीस द्यावी लागते, असं त्यांची मुलगी म्हणते. ती लग्न होऊन लांब गेली आहे आणि दर रविवारी मोबाईलवर दिसते. काका दहा वाजून दहा मिनिटांनी येणार, फडक्याने टेबल पुसणार, दहाही बोटांनी खाली न बघता टाईप करणार. परिषदेतले सगळेच्या सगळे निबंध वाचलेला माणूस एकच, आणि तो परिषदेचा सभासद नाही.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण इमारतीच्या मालकाला आमची मागची खोली परत हवी झाली. मागच्या खोलीत छतापर्यंत फडताळं, फडताळांत सहाशे अकरा निबंध. अध्यक्ष म्हणाले, "रद्दीत घाला. कच्चं ते कच्चंच." अध्यक्ष सत्तरीचे, विद्वत्ता दांडगी आणि जीभ तिच्याहून दांडगी.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या टेबलापाशी आले. एरवी ते बसा म्हटल्यावरही उभेच असतात, त्या दिवशी न सांगताच खुर्चीत बसले.

"बाई, हे सगळं इंटरनेटवर चढवता येतं म्हणे."

"येतं. पण करणार कोण?"

त्यांनी एक वही पुढे केली. आठ रकाने, सहाशे अकरा ओळी. क्रमांक, नाव, लेखक, आल्याची तारीख, विषय, पानं, नकाशे असल्यास किती, आणि शेवटचा रकाना 'लेखक हयात की कसं'. विद्यापीठातल्या संगणकवाल्यांना मी ती वही दाखवली तेव्हा ते म्हणाले की असा तक्ता आम्हाला पगार घेऊन करता येत नाही. जागा त्यांनी फुकट दिली.

अध्यक्षांनी मान्यता दिली, पण दोन अटी घालून. प्रत्येक लेखकाची, तो हयात नसेल तर वारसांची, लेखी परवानगी हवी. आणि एक जरी तक्रार आली तरी सगळं खाली उतरवायचं. खोली महिनाअखेर रिकामी होणार होती, म्हणजे कागद जाणार हे नक्कीच. वेबसाईट टिकली तरच निबंध टिकणार होते. काका हे ऐकत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई, माझं म्हणजे दुसरं काही नाहीये हो जगात दाखवण्यासारखं." ते हसत म्हणाले, पण मला ते चांगलंच लागलं.

परवानग्या मागायला लागलो आणि विद्वत्तेचे नाना रंग दिसले. एकाने कळवलं की तरुणपणी मी जे लिहिलं त्याच्या बरोबर उलट मी आता मानतो, तेव्हा निबंध उलटा करून छापता येईल का. एकीला फक्त निष्कर्ष काढून टाकायचा होता. एकाने "जरा हात फिरवून देतो" म्हणून निबंध परत मागितला. हा गृहस्थ गेली अठरा वर्षं एकाच पुस्तकावर हात फिरवतो आहे. काका सगळ्यांना फोनवर एकच सांगायचे, "साहेब, जसा आला तसा चढणार. लहानपणीच्या फोटोला कोणी मिशा काढतं का?" साहेब हसायचे आणि सही करायचे. महिन्याचे तीन आठवडे गेले तेव्हा साडेपाचशेच्या वर निबंध चढले होते.

स्कॅन करण्याचं काम कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे. काकांची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक निबंधाच्या मागे तीन पानं टाचलेली असत, ती आधी काढून घ्यायची. ती मूळ शेऱ्यांची पानं. शेरा कोणी लिहिला हे लेखकाला अक्षरावरून कळू नये, म्हणून ऑफिसने शेरा टाईप करून पाठवायचा आणि मूळ पान मागे टाचून ठेवायचं, असा आमचा जुना नियम. काका ती पानं स्वतः काढायचे, स्वतः मोजायचे, मग गठ्ठा माझ्या हातात द्यायचे, आणि स्कॅन झाल्यावर ती पुन्हा मागे टाचायचे.

शेवटच्या आठवड्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. बेचाळीस निबंध उरले होते. "बाई, दोन दिवस माझी वाट बघा," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. पण थांबेन तर ती मी कसली. खोली रिकामी करायला चार दिवस उरलेले, अध्यक्ष रोज विचारणार, आणि मला मेलीला नेहमी वाटतं की माझ्यावाचून जग अडलंय. गठ्ठा उचलला आणि झेरॉक्सवाल्याला बजावलं, "रंगीत करा, आणि एकही पान सुटता कामा नये." त्याने एकही सोडलं नाही. संध्याकाळच्या आत मी बेचाळीसच्या बेचाळीस चढवले, परिषदेच्या सगळ्या सभासदांना लिंक पाठवली, आणि स्वतःची पाठ थोपटत घरी गेले.

सकाळी पहिला फोन एका निवृत्त प्राचार्यांचा. "माझ्या निबंधाच्या शेवटी जांभळ्या शाईत लिहिलंय, 'निबंध दोरीवर वाळत घालावा, थोडी हवा लागेल.' हे कोण?"

कोण ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. उभ्या परिषदेत जांभळी शाई एकच माणूस वापरतो आणि तो अध्यक्ष आहे. तासाभरात मी ती पानं खाली उतरवली, पण तोवर ती या फोनवरून त्या फोनवर पोचली होती. 'लेखकाचा विषय गल्ली आहे आणि लेखक गल्ली चुकला आहे.' 'नकाशा उत्तम. बाकीचं काढून टाकावं.' 'हे लिहिताना लेखक जागा होता का?' दुपारपर्यंत चौदा तक्रारी आल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी ती भर चौकात उघडून दाखवली होती. आणि अट होती एका तक्रारीची.

हे एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण प्राचार्यांचा पुन्हा फोन आला आणि आता आवाज वेगळाच होता. "तेव्हा मला आलेला टाईप केलेला शेरा मी जपून ठेवलाय. त्यात लिहिलंय, 'मांडणीला थोडा मोकळेपणा दिल्यास निबंध खुलेल.' मग दोरीचं काय झालं?"

मी मागच्या खोलीत गेले. काकांनी ऑफिसच्या प्रती वर्षवार लावलेल्या होत्या. एक मूळ पान घ्यायचं, एक टाईप केलेलं, असं मी शेजारी शेजारी ठेवत गेले. 'लेखक गल्ली चुकला आहे' याचं झालं होतं 'विषयाची वाट सापडली आहे, मधलं एक वळण पुन्हा पाहावं.' 'बाकीचं काढून टाकावं' याचं, 'नकाशा इतका बोलका आहे की मजकूर कमी केला तरी चालेल.' दहा पाहिले, वीस पाहिले. त्यातल्या एकाही लेखकाला त्याचा खरा शेरा गेलेला नव्हता.

मग जे करायला नको होतं ते केलं. माझा निबंध काढला, बावीस वर्षांपूर्वीचा, पहिला. टाईप केलेला शेरा मला पाठ आहे. 'प्रश्न चांगला आहे. उत्तर अजून मिळालेलं नाही, पण लेखिकेने हा शोध सोडू नये.' त्या वर्षी मी नोकरी आणि पीएचडी दोन्ही सोडून घरी बसायचं जवळजवळ ठरवलं होतं. या एका ओळीसाठी थांबले. मागे टाचलेलं जांभळं पान मी उलटलं. 'प्रश्न बरा. उत्तर शून्य. लेखिकेने दुसरा एखादा छंद शोधावा.'

मला राग आला. असा तसा नाही, कानशिलं तापली. तशीच उठले आणि काकांच्या घरी गेले.

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, त्यावर अर्धा शिवलेला झगा, खडूच्या खुणा. काका काळा चष्मा लावून खुर्चीत ताठ बसले होते. काकूंनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "भांडायचं असेल तर खुशाल भांडा. पण ह्यांना मान खाली घालायला लावू नका, डॉक्टरांनी नको सांगितलंय."

मी जांभळं पान काकांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते डोळ्याजवळही नेलं नाही. शाई बघूनच ओळखलं.

"तुम्ही मला फसवलंत, काका. बावीस वर्षं मी तुमच्या वाक्यावर जगत होते."

"प्रश्न बरा, असं सरांनीच लिहिलंय, बाई. ते मी नाही लिहिलं."

"आणि 'सोडू नये'?"

यंत्रापाशी काकूंचे हात थांबले.

"पहिल्या वर्षी मी शेरे जसेच्या तसे टाईप केले," काका म्हणाले. "एक शाळामास्तर होते. लांबून दोन गाड्या बदलून ऑफिसात आले. शेऱ्याचं पत्र हातात. निबंध परत द्या म्हणाले. मी दिला. जाताना विचारलं, हे टाईप तुम्हीच केलंत का? मी हो म्हटलं. तर म्हणाले, 'टायपिंग फार सुरेख आहे हो.' आणि गेले. पुन्हा काही पाठवलं नाही त्यांनी. मी घरी येऊन जेवलो नाही. हिला विचारा."

"दोन दिवस नाही जेवले," काकू म्हणाल्या.

"मग मी ठरवलं. शेऱ्यात जे बरं असेल ते आधी लिहायचं. वाईट असेल ते गाळायचं नाही, पण त्याला पुढे जायला वाट ठेवायची. एवढंच. ज्यात बरं काहीच नसायचं त्यात माझी पंचाईत व्हायची. तुमचा त्यातला नव्हता."

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. अर्धा गेला. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते न कळून मी काकूंनी दिलेला चहा प्याले आणि निघाले. दारापर्यंत काकू आल्या. "वेबसाईट बंद होणार का हो?" त्यांनी हळूच विचारलं. "ह्यांनी त्या वहीसाठी दोन वर्षं डोळे फोडलेत." मी चपला पायात सरकवल्या.

आठ दिवसांनी कार्यकारिणीची बैठक बसली. मागच्या खोलीतले गठ्ठे तोवर गोण्यांत भरून जिन्याखाली गेले होते, निर्णय झाला की रद्दीवाल्याला फोन जायचा होता. काका भिंतीलगतच्या खुर्चीवर, काळा चष्मा, मान ताठ. सगळ्यांना वाटलं माणूस ताठ्यात आहे.

अध्यक्ष उसळले. आपलं अक्षर बाहेर पडलं याचा त्यांना फारसा राग नव्हता, आपले शब्द बदलले याचा होता. "पस्तीस वर्षं माझ्या तोंडी साखर घातली या माणसाने! मी काय इतका मिळमिळीत लिहितो?" मग प्राचार्य उठले. मला वाटलं हे काकांची बाजू घेणार. ते म्हणाले, "मला 'निबंध खुलेल' असं कळवलं. मी तो खुलवण्यात नऊ वर्षं घातली. वाळत घाला म्हटलं असतं तर तेव्हाच दुसरा विषय धरला असता." ते रागावलेले नव्हते, म्हणून जास्त वाईट वाटलं.

काका म्हणाले, "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, सर. तुमच्या बाबतीत माझं चुकलं."

मग माझी पाळी. पानं चढवण्याची चूक माझी, हे मी आधी सांगून टाकलं. काकांनी थांबायला सांगितलं होतं आणि मी थांबले नाही. कोणी मनावर घेतलं नाही, कारण सहचिटणिसाला काढलं तर काम कोण करणार? म्हणून मी दुसरा कागद काढला. वेबसाईटवर कुठला निबंध किती जणांनी उतरवून घेतला याचे आकडे आपोआप येत असतात. मी अध्यक्षांकडे न बघता वाचलं की सगळ्यात जास्त वाचला गेलेला निबंध अध्यक्षांचा आहे, एकेचाळीस वर्षांपूर्वीचा, तीन आठवड्यांत एक्क्याण्णव वेळा.

"एक्क्याण्णव?" अध्यक्ष म्हणाले.

"त्यातले सतरा परदेशातून."

मग चिटणिसांनी, आयुष्यात पहिल्यांदाच उपयोगी पडून, विचारलं की माझा किती. मी सांगितला. मग प्रत्येकाने विचारलं. प्राचार्यांचा तो वाळत घातलेला निबंधसुद्धा एकोणीस जणांनी नेला होता आणि प्राचार्य थोडे सावरून बसले. अर्ध्या तासात ठरलं की तक्रारी काय, येतात आणि जातात. संग्रह राहू द्यावा, शेऱ्यांची पानं तेवढी कपाटात कुलपात ठेवावीत, कधीही चढवू नयेत. स्वतःचा खरा शेरा कोणाला हवाच असेल त्याने अर्ज करावा. आजवर सहा अर्ज आले आहेत, पैकी दोघांनी नंतर कळवलं की राहू द्या.

पण कोणाच्या तरी डोक्यावर खापर फुटायला हवंच. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही आमची आवडती पद्धत. काकांना लेखी ठपका द्यायचा, महिनाअखेर त्यांचं काम थांबवायचं, असा ठराव झाला. मी एकटीने विरोधात हात वर केला. अध्यक्षांनी मजकूर तिथेच सांगितला आणि मी उतरवून घेतला. 'एकही निबंध गहाळ झाला नाही हे खरं असलं, तरी सदर कर्मचाऱ्याने जाणकारांच्या अभिप्रायात अक्षम्य ढवळाढवळ करून परिषदेच्या विश्वासाला तडा दिला आहे. सबब त्याची सेवा संपुष्टात आणण्यात येत आहे.'

ते मी काकांच्या टेबलापाशी टाईप करायला बसले. पहिली ओळ टाईप झाली आणि बोटं थांबली. मला एकदम कळलं की पस्तीस वर्षं काका या खुर्चीत बसून काय बघत होते. ते मला कोणी समजावून सांगितलं असतं तरी कळलं नसतं. मी पहिली ओळ खोडली.

संध्याकाळी अध्यक्षांनी न वाचता सही केली. ते कधीच वाचत नाहीत. म्हणून तर इतकी वर्षं निभावलं.

काका पत्र न्यायला आले तेव्हा चष्मा निघाला होता. नव्या डोळ्याने त्यांनी कागद लांब धरून वाचला. 'गेल्या पस्तीस वर्षांत सहाशे अकरा निबंधांपैकी एकही हरवला नाही, याबद्दल परिषद आपली ऋणी आहे. शेऱ्यांच्या प्रती मुळाबरहुकूम नव्हत्या, ही चूक झाली. तिची जबाबदारी आपण घेतलीत. या महिनाअखेर आपली सेवा संपत आहे. आपण जपलेलं काम यापुढे सर्वांना वाचता येईल.'

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं.

"सरांनी 'ऋणी' हा शब्द आयुष्यात लिहिलेला नाही, बाई."

"नाही लिहिलेला."

"मूळ कुठाय?"

मी माझ्या अक्षरातलं मूळ त्यांच्यापुढे ठेवलं. तेही त्यांनी सबंध वाचलं, घाई न करता, 'अक्षम्य'पाशी जरा थांबून. मग ते मला परत दिलं.

"हे फाईलला लावा," ते म्हणाले. टाईप केलेल्या पत्राची त्यांनी चार पदरी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "आणि हे मी घरी नेतो. हिला वाचून दाखवायचंय."

पस्तीस वर्षांत ऑफिसातला एकही कागद ते घरी घेऊन गेले नव्हते.